पहिली दहा मिनिटं

रविवार, 9 फेब्रुवारी 2025, धुळे

सकाळी ताईचा फोन आला. भाची काल संध्याकाळी मैदानावर गोळाफेक आणि उठाबशा करून घरी आली. रात्रभर मांड्या कडक, कूस बदलता येईना. आणि सकाळी लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची. ताईला म्हटलं, लघवी स्वच्छ बाटलीत धरून ठेव, दुखण्यावरची कुठलीही गोळी देऊ नको, मी निघालो.

जळगावहून एरंडोल, पारोळा करत धुळ्याला पोचलो. भाची पलंगावर आडवी होती. मला बघून म्हणाली, "मामा, मना पाय दगड व्हयी गयात." मांडीला हात लावला. स्नायू खरोखर आखडून घट्ट झाले होते आणि नुसत्या स्पर्शाने तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

देवपुरात ओळखीच्या मित्राची लॅब आहे. रविवार असून त्याने उघडून दिली. लघवीत पट्टी बुडवली. रक्ताचा चौकोन मिनिटभरात गडद हिरवा झाला. मग तीच लघवी यंत्रात फिरवून तळाचा थेंब काचेवर घेतला आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. एकही तांबडी पेशी नाही. रक्ताच्या नळीतला वरचा द्रवही स्वच्छ पिवळसर होता, लालसर नव्हता. म्हणजे मूत्रमार्गातून रक्तस्राव नाही आणि रक्तपेशीही फुटलेल्या नाहीत. पट्टीला जे सापडलं ते स्नायूंमधलं मायोग्लोबिन. स्नायू फुटले की ते रक्तात उतरतं, मूत्रपिंडातून गाळलं जातं आणि जास्त झालं तर मूत्रपिंडच बंद पाडतं.

स्नायू फुटल्यावर रक्तात वाढणारं सीपीके यंत्राच्या मोजपट्टीबाहेर गेलं. नमुना पातळ करून पुन्हा लावला, तेव्हा आकडा आला 64,000. निरोगी माणसाचा साधारण दोनशेच्या आत असतो. दुपारच्या आत तिला दवाखान्यात भरती केलं, सलाईन सुरू झालं. डॉक्टरांनी पोटॅशियम आणि क्रिएटिनिन लगेच मागवलं, लघवी मोजून ठेवायला सांगितलं आणि पोटऱ्या-मांड्या सुजून ताठरत तर नाहीत ना, हे तासातासाने पाहत राहिले.

शेजारचे एक काका म्हणत होते, आधीच एक सुई मारली असती तर मोकळी झाली असती पोरगी. आपल्याकडे अंग दुखलं की डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन घ्यायची सवयच आहे. मूत्रपिंडावर मायोग्लोबिनचा भार असताना हे औषध तो भार आणखी वाढवतं. ताईने फोनवर ऐकलं आणि गोळी दिली नाही, हे फार चांगलं झालं.

बुधवार, 12 फेब्रुवारी, धुळे

लघवी आज जवळजवळ पिवळी. क्रिएटिनिन वर जाऊन परत खाली आलं. पोरगी उठून बसली, कळण्याची भाकरी आणि ठेचा मागितला. डॉक्टरांनी भाकरीला हो म्हटलं.

ते संध्याकाळी निवांत खुर्ची ओढून बसले आणि तिला लहानपणापासूनचं विचारू लागले. तिने सांगितलं ते मीही पहिल्यांदाच सलग ऐकलं. शाळेत धावायला लावलं की पहिल्या फेरीत पोटऱ्या भरून यायच्या. जिना चढताना मधे उभं राहावं लागायचं. ओली चादर पिळताना बोटं मिटली की लवकर उघडायची नाहीत. घरात, शाळेत सगळे म्हणायचे, आळशी आहे, अंगचोर आहे. मग ती म्हणाली, "पण सर, थांबले आणि दहा मिनिटं हळूहळू चालले ना, की मग पाय मोकळे होतात. मग मला कितीही चालवा."

डॉक्टरांनी हे वाक्य तिला पुन्हा म्हणायला लावलं आणि जसंच्या तसं केसपेपरवर लिहून घेतलं.

बाहेर आल्यावर मला म्हणाले, हा मॅकआर्डल असू शकतो. स्नायूंत साखरेचा साठा असतो, ग्लायकोजेन. जोराचं काम सुरू झालं की पहिली काही मिनिटं स्नायू त्याच साठ्यावर चालतो. तो साठा फोडणारं विकर, मायोफॉस्फोरिलेज, या माणसांच्या स्नायूंत नसतंच. साठा भरलेला, पण काढता येत नाही. आठ-दहा मिनिटांत हृदय रक्त वाढवतं, यकृतातली साखर आणि चरबी रक्तातून स्नायूंपर्यंत येते आणि काम सोपं होतं. याला डॉक्टर लोक 'दुसरा दम' म्हणतात. 1961 साली पीअरसन यांनी तो नोंदवला. ज्या रुग्णाला दुसरा दम मिळतो, त्याने आपल्या तोंडाने निम्मं निदान सांगितलेलं असतं. ऐकणारा हवा.

रविवार, 2 मार्च, जळगाव

भाची माझ्याकडे आली आहे. तीन आठवडे पूर्ण विश्रांती, तरी आजचं सीपीके 2,900. या आजारात ते विश्रांतीतही वाढलेलंच राहतं.

तिच्या जुन्या रिपोर्टांची पिशवी उलगडली. दोन वर्षांपूर्वीच्या एका तपासणीत एसजीओटी आणि एसजीपीटी वाढलेले आहेत. त्यावर यकृताच्या गोळ्या आणि पथ्य लिहून दिलेलं. त्याच कागदावर गॅमा जीटी अगदी योग्य आहे, बिलिरुबिनही योग्य. एसजीओटी आणि एसजीपीटी ही दोन विकरं यकृतात असतात तशी स्नायूंतही असतात. यकृताचे बाकीचे आकडे ठीक आणि हेच दोन वाढलेले दिसले तर सीपीके करून पाहायला हवं, ती तपासणी महागही नाही. लॅबमध्ये काम करणाऱ्या माझ्या व्यवसायबंधूंना हे कळकळीने सांगावंसं वाटतं. आपण आकडे छापतो, पण असा जोड दिसला तर डॉक्टरांना फोन करून सुचवणं हेही आपलंच काम आहे.

संध्याकाळी गल्लीतल्या बायका भेटायला आल्या. प्रत्येकीकडे उपाय. मीठ-लिंबू पाणी, केळी, तिळाच्या तेलाने रगडून मालिश. उन्हाळ्यात शेतात घाम गाळून पायात गोळा येतो त्याला मीठ-पाणी आणि ताण देणं चालतं, ते खरं आहे. हिचा गोळा वेगळा. साध्या गोळ्यात मज्जातंतू स्नायूला सारखा हुकूम देत असतात. सुईची तपासणी केली तर विद्युत लहरींचा गदारोळ दिसतो. मॅकआर्डलमध्ये आखडलेल्या स्नायूत सुई शांत राहते, कारण हुकूम संपलेला असतो, पण सैल व्हायलाही शक्ती लागते आणि ती नसते. असा स्नायू रेटून ताणला किंवा जोराने रगडला तर आणखी फुटेल. थांबायचं, आराम द्यायचा आणि लघवीवर लक्ष ठेवायचं, एवढंच करायचं. बायकांना हे समजावलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

सोमवार, 17 मार्च, मुंबई

इथल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या न्यूरॉलॉजी विभागात आज हाताची चाचणी झाली. 2021 च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात मुंबईचं केईएम हे उत्कृष्टता केंद्र म्हणून नेमलेलं आहे. पण खान्देशातून निघालेल्या माणसाला मुंबईतल्या कुठल्याही दारापर्यंत पोचायला रात्रभराचा प्रवास आणि घरातल्या कुणाची तरी बुडालेली मजुरी, एवढं मोजावंच लागतं.

चाचणी सोपी, पण हात नेमका हवा. कोपराच्या खोबणीतल्या शिरेत सुई बसवून ठेवली. आधी एक नमुना घेतला. मग तिने एक मिनिट पकडयंत्र पूर्ण ताकदीने दाबलं. त्यानंतर ठरलेल्या मिनिटांना एकामागून एक नमुने. राखाडी टोपणाच्या नळ्या बर्फात ठेवलेल्या. दंडाला पट्टा आवळून रक्त अडवण्याची जुनी पद्धत आता टाळतात, कारण त्यानेच स्नायू फुटल्याची उदाहरणं आहेत. निरोगी माणसात लॅक्टेट आणि अमोनिया दोन्ही चढतात. हिचा अमोनिया चढला, म्हणजे तिने जोर मनापासून लावला होता. लॅक्टेटची रेघ जिथल्या तिथे.

हीच सपाट रेघ 1951 साली लंडनच्या गाइज हॉस्पिटलमध्ये ब्रायन मॅकआर्डल यांनी नोंदवली होती. तीस वर्षांचा माणूस होता, लहानपणापासून थोड्याशा श्रमाने दुखणं. मॅकआर्डल यांनी त्याला ढोंगी ठरवलं नाही, त्याच्या रक्तातलं लॅक्टेट मोजलं आणि लिहिलं की स्नायूंना ग्लायकोजेन वापरता येत नाही. नेमकं कोणतं विकर गायब आहे, ते 1959 मध्ये कळलं. आम्ही आज पाऊणशे वर्षांनी तीच गोष्ट मोजत होतो. भाचीने विचारलं, त्या माणसालाही आळशी म्हणत असतील का? मी म्हटलं, बहुतेक म्हणतच असतील.

जनुकीय तपासणीसाठी रक्त दिलं.

सोमवार, 21 एप्रिल, धुळे

अहवाल आला. अकराव्या गुणसूत्रावरचं पीवायजीएम हे जनुक, त्याच्या दोन्ही प्रतींमध्ये दोष. एक आईकडून, एक वडिलांकडून. ताई आणि दाजी दोघं धडधाकट आहेत. प्रत्येकाकडे एक चांगली प्रत आहे, तेवढ्यावर भागतं. प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता चारात एक. धाकट्या भाच्याचं सीपीके मी आधीच पाहिलं, ते अगदी योग्य आहे.

ताई स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मी आत गेलो तर म्हणाली, "भाऊ, लोकांना कळलं तर पोरीचं लग्न कसं व्हायचं?" तिला सांगितलं ते इथे लिहून ठेवतो. आजार जीवघेणा नाही, काळजी घेतली तर माणूस पूर्ण आयुष्य जगतो, बाळंतपणही नीट पार पडतं. तिच्या मुलांकडे एक सदोष प्रत जाईल. नवराही त्याच दोषाचा वाहक असेल तरच त्यांना आजाराची भीती. म्हणून नात्यातलं स्थळ टाळायचं. आणि लपवायचं नाही, कारण लपवलेल्या आजारात सासरी पहिली पाण्याची कळशी उचलायला लावतील तेव्हा ती नाही म्हणू शकणार नाही.

भाचीला दुःख वेगळंच. तिला पोलीस व्हायचं होतं. मैदानी चाचणीत मुलींना 800 मीटर, 100 मीटर आणि गोळाफेक. तिन्ही गोष्टी पहिल्या काही मिनिटांत संपणाऱ्या, पूर्ण जोर मागणाऱ्या. तिच्या शरीराला जे जमत नाही नेमकं तेवढंच ही परीक्षा मोजते. ती रात्री उशिरापर्यंत गच्चीवर बसली होती. दाजी काही न बोलता तिच्या शेजारी जाऊन बसले.

बुधवार, 30 एप्रिल, धुळे. अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया

माहेरवाशिणी आल्या आहेत. अंगणातल्या निंबाला झोका बांधला, सांजोऱ्या झाल्या, आमरसाचं पातेलं भरलं. भाची झोक्यावर बसली. उभं राहून गुडघे मोडत झोका चढवायचा नाही, दोर करकचून धरायचा नाही, हे तिला आता कुणी सांगावं लागत नाही. मैत्रिणी झोका देतात.

आज साखरेचा प्रयोग केला. कोपनहेगनचे व्हिसिंग आणि डॅलसचे हॅलर यांनी 2003 मध्ये दाखवलं की व्यायामाआधी 75 ग्रॅम साखर प्यायल्यावर या रुग्णांना श्रम सोपे जातात. 2008 मध्ये त्यांनी हेही दाखवलं की 37 ग्रॅम साखर पाच मिनिटं आधी घेतली तरी भागतं. स्नायूला आपल्या साठ्यातली साखर काढता येत नाही, पण रक्तातून आलेली चालते. लॅबच्या काट्यावर 37 ग्रॅम मोजली, साधारण नऊ लहान चमचे. ग्लासभर पाण्यात विरघळवली. ती प्यायली आणि पाच मिनिटांनी एकवीरा देवीच्या रस्त्याला लागली. नेहमी ज्या वळणावर थांबते तिथे थांबली नाही.

पण याला मर्यादा आहे. रोज प्रत्येक कामाआधी नऊ चमचे साखर घेतली तर वजन वाढेल, आणि वाढलेलं वजन त्याच स्नायूंना ओढावं लागेल. म्हणून ठरलं की लग्नकार्य, प्रवास, चढाव असेल तेव्हाच साखरपाणी. केळ्यात साखर आहे, पण ती हळू उतरते, आयत्या वेळी उपयोगाची नाही.

अजून एक गोष्ट महत्त्वाची. निदान नसताना नुसतं लक्षणावरून कुणी साखर सुरू करू नये. 1965 मध्ये जपानच्या तारुई यांनी वर्णन केलेला याच कुळातला दुसरा आजार आहे. त्यात साखर घेतली तर उलट त्रास वाढतो. आणि चरबी जाळण्याचा दोष असलेल्यांना दुखणं पहिल्या मिनिटांत येत नाही, लांबच्या चालीनंतर किंवा उपासात येतं. तिन्ही ठिकाणी लघवी काळी होऊ शकते, उपाय मात्र वेगळे.

रविवार, 8 जून, जळगाव

सुट्टीत भाची इथेच आहे. पहाटे उजाडायच्या आत मेहरूण तलावावर जातो, कारण नंतरचं ऊन निरोगी माणसालाही झेपत नाही.

आज मी तिची नाडी मोजत चाललो. सपाट रस्ता, अगदी सावकाश चाल. पाचव्या मिनिटाला नाडी 148, चेहरा ओढलेला, पोटऱ्या भरून आलेल्या. ती थांबली नाही, वेग आणखी कमी केला. दहा मिनिटं होऊन गेली. तो कमी केलेला वेग तसाच ठेवून पुन्हा मोजली तर 122. तिने मान वर केली आणि बोलायला लागली. त्यानंतर तलावाभोवती आम्ही गप्पा मारत चाललो आणि थकलो तो मी.

या आजारावर औषध नाही. क्रिएटिन कमी मात्रेत दिल्यावर थोडा फायदा दिसला, जास्त मात्रेत दुखणं वाढलं, असं जर्मनीतल्या अभ्यासांत आढळलं. म्हणून व्यायामशाळेतला डबा तिने मनाने उघडायचा नाही. नियमाने, बेताने केलेला व्यायाम हाच खरा उपचार. हॅलर यांनी 2006 मध्ये रुग्णांना चौदा आठवडे सायकल चालवायला लावून त्यांची क्षमता वाढल्याचं दाखवलं. पूर्वी डॉक्टर विश्रांतीच सांगत. बसून राहिलं तर स्नायू आणखी दुबळे होतात आणि छोट्या कामालाही फुटतात, हे आता कळलं आहे.

तिच्या पर्समध्ये मराठीत लिहिलेलं एक कार्ड ठेवलं आहे. आजाराचं नाव, रक्तगट, आणि सूचना. लघवी काळी झाली तर लगेच दवाखाना. भूल द्यायच्या आधी भूलतज्ज्ञांना सांगणे. हातापायाला रक्त अडवणारा पट्टा शक्यतो बांधू नये. कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळ्या विचारल्याशिवाय नकोत.

सोमवार, 4 ऑगस्ट, धुळे

काल घरी कानबाई देवी बसली. रोटाचं दळण, पुरणपोळ्या, घर पाहुण्यांनी भरलेलं. ताईने सगळ्यांना आधीच सांगून ठेवलं होतं की पोरगी पाटा-वरवंट्याला बसणार नाही आणि पाण्याची घागर उचलणार नाही. एका आत्याबाईंनी कारण विचारलं, तेव्हा ताईने आजाराचं नाव घेऊन सगळं समजावलं. एप्रिलमध्ये हीच ताई लोकांना कळेल म्हणून रडत होती.

आज सकाळी विसर्जन. भाची मिरवणुकीच्या आधीच निघाली आणि हळूहळू पुढे चालू लागली. मिरवणूक तिच्यापर्यंत पोचली तोवर तिचे पाय मोकळे झाले होते. पांझरेपर्यंत ती बायकांच्या बरोबरीने चालत गेली. फुगडी मात्र घातली नाही, टाळ्या वाजवल्या.

पोलीस भरतीचा अर्ज तिने भरला नाही. ज्यात धावावं लागत नाही अशा परीक्षांची पुस्तकं आणली आहेत. पहाटेचं चालणं चालू आहे.

जगातल्या अंदाजाप्रमाणे हा आजार साधारण लाखात एकाला असतो. 2011 च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात 42 लाखांवर आणि धुळे जिल्ह्यात 20 लाखांवर माणसं होती. याच हिशेबाने आमच्या या दोन जिल्ह्यांत असे साठेक जण असायला हवेत. मला एक भाची माहीत आहे. बाकीचे कापूस वेचत असतील, केळीचे घड वाहत असतील, शाळेच्या मैदानावर पहिल्या फेरीत थांबून बोलणी खात असतील.

म्हणून क्रीडाशिक्षकांना आणि भरतीची तयारी करून घेणाऱ्या सरांना हात जोडून विनंती आहे. जे मूल सुरुवातीला थांबतं आणि थोड्या वेळाने बरोबरीने चालतं, त्याला शिक्षा म्हणून उठाबशा काढायला लावू नका. त्याच्या आईवडिलांना बोलावून सीपीके करायला सांगा. आणि श्रमानंतर कुणाचीही लघवी काळी झाली, तर सुई न घेता त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जा.